चिमटामावशी आणि लीडरचा बिल्ला

चिमटामावशीची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिनं मला चिमट्यात धरलं होतं. हे मी अलंकारिक बोलत नाही.

हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून मी रुजू झालो आणि पहिल्याच सकाळी साठा बघायला तळघरातल्या लॉन्ड्रीत उतरलो. शेवटच्या पायरीवर मला त्या खोलीचा वास भेटला. वास 'आला' म्हणणं हा त्याचा अपमान होईल. तो चालत पुढे आला, त्यानं माझी कॉलर धरली आणि सकाळी घेतलेला चहा इथल्या इथे परत ठेव म्हणाला. रक्त, पू, औषधं, उलट्या, सांडलेलं सूप आणि चार दिवसांचा घाम यांची त्या खोलीत संयुक्त बैठक चालू होती आणि माझ्या येण्यामुळे कोरम पूर्ण झाला होता. त्या क्षणी माझे मेलेले आजोबासुद्धा जिथे असतील तिथे नाक धरून बसले असतील. मी डोळे मिटले आणि आधाराला म्हणून समोरच्या टेबलावरच्या गाठोड्यावर हात टेकायला गेलो. एवढ्यात दोन हात लांबीचा एक लोखंडी चिमटा हवेतून आला आणि त्यानं माझं मनगट बाहीसकट पकडलं.

"मरायचंय का?"

चिमट्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. उंची जेमतेम साडेचार फूट, आवाज सात फूट. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पोटावर रबरी एप्रन, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगाचा निर्माता समोर आला असता तर तिनं त्याला आधी हात धुऊन यायला सांगितलं असतं.

"मी स्टोअरचा नवा—"

"तू कोणी का असेनास. मी उघडल्याशिवाय गाठोड्याला हात लावायचा नाही. माझ्या सुनेनंसुद्धा नाही. आणि तू तर साधा कारकुंड्या."

मग तिनं चिमट्यानं गाठ सोडली, चादर पसरली आणि माझ्या देखत त्यातून एक कवळी, अर्धा खाल्लेला पाव, कानातलं ऐकायचं यंत्र आणि मोज्यात गुंडाळलेली एक पट्टी बाहेर काढली. पट्टी कसली होती ते मी विचारलं नाही. प्रत्येक वस्तूला तिनं वेगळी 'शी' दिली. कवळीला आखूड शी, पावाला लांब शी, पट्टीला नाकातून शी. पुढे नऊ वर्षांत मला तिच्या सात प्रकारच्या शी ओळखू येऊ लागल्या. सगळ्यात घाणेरडं काम करणारी ही बाई आमच्या साऱ्या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त किळस येणारी होती. तिच्या घरी म्हणे पेल्यावर बोटाचा ठसा दिसला तर नवऱ्याला पुन्हा पाणी मिळत नसे. "किळस वाटते म्हणून तर मी हे काम नीट करते," ती म्हणायची. "ज्यांना किळस वाटत नाही ती माणसं धुतलेलं आणि न धुतलेलं एकाच कपाटात ठेवतात."

त्या टेबलाची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉर्डावॉर्डांतून मळक्या कापडांची गाठोडी घसरगुंडीवरून खाली येतात. टेबलाभोवती चार बायका. टोकाला जी उभी राहते तिला म्हणतात 'पुढची'. गाठोडं पुढचीनं उघडायचं, हातानं नाही, चिमट्यानं. प्रत्येक चादर दोन टोकांना धरून दोनदा झटकायची, शिवणी तपासायच्या, काय निघेल ते डब्यात टाकायचं. मग चिमटा टेबलावर दोनदा आपटायचा आणि म्हणायचं, "चला." तोवर बाकीच्या तिघींचे हात मागे. कारण नर्स घाईत असतात, डॉक्टर त्यांच्याहून घाईत असतात आणि वापरलेल्या सुया चादरीत राहतात. कोणाच्या तरी रक्तातली ती सुई दुसऱ्या कोणाच्या बोटात गेली की सहा महिने रक्त तपासत आणि झोप उडवत बसायचं.

मावशीच्या आधी जी बाई पुढची होती तिला एकदा टोचली होती.

"मग तिचं काय झालं?" मी विचारलं होतं.

"मग मी पुढची झाले," मावशी म्हणाली आणि पुढचं गाठोडं ओढलं.

पुढचीला बिल्ला नव्हता, खुर्ची नव्हती, हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'कामगार, चौथी श्रेणी' एवढंच होतं. पण ती रजेवर असली की गाठोडी दाराशी ताटकळत राहायची. तिच्याशिवाय गाठ सोडायला कोणी धजत नसे.

टेबलाशी दुसऱ्या जागेवर तिची सून होती. मुलाच्या लग्नानंतर वर्षभरात मावशीनंच तिला चिकटवली होती. सून हसरी, चुणचुणीत, आणि हात असे भराभर चालणारे की बघणाऱ्याला गरगरावं. मावशीला त्या हातांचं कौतुकही होतं आणि धसकाही.

"अगं, हात आहेत की पंखा?"

"काम संपायला नको का आई?"

"काम संपेल. बोटं दहाच आहेत."

त्या दोघींचं असं दिवसभर चालायचं. घरी सून स्वयंपाकघराची मालकीण होती, आणि मावशी मीठ कमी असलं तरी मुकाट्यानं जेवायची. पण तळघरात गाठ सुटायच्या आत सुनेचा हात पुढे सरकला की चिमटा बोटांवर बसायचा.

सारं ठीक चाललं होतं. म्हणजे घाण होतं, पण आपापल्या जागी घाण होतं. मग आमच्याकडे सुगंधी साहेब आले.

हे आमचे नवे व्यवस्थापक. ते यायच्या आधी त्यांचं अत्तर यायचं आणि ते गेल्यावर अर्ध्या तासानं जायचं. त्यांनी येताना सोबत फक्त एक शब्द आणला होता. तो शब्द म्हणजे 'लीडर'. तोवर आमच्याकडे हा शब्द शिवी म्हणून वापरला जाई. कोणी रांग मोडून पुढे घुसला, कोणी उगाच हुकूम सोडू लागला, की लोक म्हणायचे, "आला मोठा लीडर!" त्यात जो काय अर्थ होता तो सगळ्यांना नीट समजत होता. सुगंधी साहेबांनी तोच शब्द धुऊन, इस्त्री करून, पितळी बिल्ल्यावर कोरून आमच्या छातीवर लावला. दारावरचा पहारेकरी गेट लीडर झाला. झाडूवाला स्वच्छता लीडर. मी साठा लीडर. स्वयंपाकघरात एक सूप लीडर झाला आणि त्याच दिवसापासून सूप आणखी पातळ झालं. शवागारातला म्हातारासुद्धा सुटला नाही. त्याला बिल्ला लावल्यावर तो बराच वेळ आत ओळीनं झोपलेल्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे माझ्या मागून येणार आहेत की मी ह्यांच्या?"

मला सांगा, ज्या इमारतीत दोनशे लीडर आहेत तिथे मागे कोण चालतं? मला त्या बिल्ल्याची अशी शिसारी बसली की मी तो कोटाच्या आतल्या बाजूला लावायचो. काढून टाकायची मात्र हिंमत झाली नाही, हेही सांगून टाकतो. तेवढा लीडर माझ्यात नव्हता.

मग एक दिवस प्रशिक्षण झालं. सभागृहात आम्हा सगळ्यांना बसवलं, पडद्यावर एक चित्र दाखवलं. उंच डोंगराच्या टोकावर एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा.

"काय दिसतं?" सुगंधी साहेबांनी विचारलं.

"वारा," स्वच्छता लीडर म्हणाला.

"हा लीडर आहे," साहेब म्हणाले. "लीडर म्हणजे जो सगळ्यांच्या वर असतो. ज्याला लांबचं दिसतं."

शेवटच्या रांगेतून मावशीचा सात फुटी आवाज आला. "ह्याच्या मागे तर कुत्रं नाही. हा लीडर कोणाचा?"

सभागृह हसलं. साहेबही हसले, पण त्यांचे दात तेवढे हसले. "मावशी, तुमचा मुद्दा छान आहे," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेबांनी वहीत लिहिलं की आम्ही धास्तावायचो, कारण त्यांनी शिक्षा कोणालाच दिली नाही, ते नेहमी बढतीच द्यायचे.

आठ दिवसांत लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात काचेची केबिन उभी राहिली. आत फिरती खुर्ची, पंखा, एक टॅब्लेट. मावशीला वर बोलावणं आलं. कागद माझ्या हातात होते म्हणून मीही होतो.

"अभिनंदन! तुम्ही आमच्या लिनन लीडर," साहेब म्हणाले. "उद्यापासून केबिनमध्ये बसायचं. ताशी किती गाठोडी होतात ते टॅब्लेटवर टाकायचं. कमी झाली तर आवाज द्यायचा."

"आणि पुढे कोण उभं राहणार?"

"तुमच्यानंतरची. हाताला चपळ आहे म्हणतात."

मावशीनं माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं, मग साहेबांच्या बिल्ल्यांच्या डब्याकडे.

"साहेब," ती म्हणाली, "लीडर म्हणजे पुढे असतो तो ना?"

"अर्थात!"

"मग मला मागे कशाला बसवता?"

"मावशी, लीडर घाणीत हात घालत नाही."

"मग घाणीत हात घालतो त्याला काय म्हणतात?"

"टीम," साहेब म्हणाले.

मावशीनं एक 'शी' दिली. ती आठवी होती, मी आधी कधी ऐकली नव्हती. बिनआवाजाची.

दोन दिवस तिनं कागदावर अंगठा, सही, काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी मला तिच्या घरी पिटाळलं. साठा लीडरनं लिनन लीडरची सही आणायची असा हुकूम. दोन खोल्यांचं घर, फरशी इतकी स्वच्छ की मला माझ्या पायांची लाज वाटली. घरच्यांना बातमी आधीच लागली होती. निवृत्त बस कंडक्टर असलेला नवरा खुर्ची पुढे करत म्हणाला, "बसा. हिला समजवा जरा. छत्तीस वर्षं मी उभ्यानं नोकरी केली. हिला खुर्ची मिळतेय तर ती हिला टोचतेय."

"आई, घे की," मुलगा म्हणाला. "सगळ्यांना सांगता येईल, आई लीडर आहे."

"कोणाला सांगणार? तुझ्या मामाला? तो आधीच माझ्या नोकरीवर तोंड वाकडं करतो."

सून भांडी आवरत होती. ती हातातलं ताट ठेवून वळली. "आई, खरं सांगा. मला पुढे उभं राहायला जमणार नाही, असंच वाटतं ना तुम्हाला?"

मावशीला काय वाटत होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. ती सुनेच्या हातांकडे बघत होती. पण घाबरणं तिला बोलून दाखवता येत नसे, तिला फक्त वैतागता येत असे.

"हो. नाहीच जमणार. तुझे हात म्हणजे नुसती चटणी वाटायचं यंत्र."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आत गेली. नवरा म्हणाला, "बरं बोललीस." मग मावशीनं माझ्या हातातला कागद ओढला आणि मला हळूच विचारलं, "कारकुंड्या, ह्यावर नाव बदलता येतं का?"

"कोणाचं?"

"तिचं घाल. तरुण आहे, टॅब्लेट येतो. तिला बसव काचेत. पुढे मी आहेच."

मी नाव बदललं. सुगंधी साहेबांना तर उकळ्या फुटल्या. तरुण, हसरी, आणि फोटोत चांगली दिसणारी लीडर! सोमवारी सून केबिनमध्ये बसली. छातीवर पितळी बिल्ला, डोक्यावर पंखा, हातांना काम नाही. मावशी टेबलाच्या टोकाशी चिमटा घेऊन उभी. मधे काच. त्या काचेआड सून सुईपासून सुरक्षित होती, आणि आमच्या सबंध हॉस्पिटलात लीडर या पदाचा कोणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

पहिले काही दिवस धमाल आली. सून केबिनचं दार उघडून डोकं बाहेर काढायची. "आई, ताशी बारा व्हायला पाहिजेत, नऊच झाली."

"हो लीडर."

"आई, असं नका ना म्हणू."

"मग काय म्हणू, लीडरबाई? घरी भाजीत मीठ कमी होतं, तेवढं टाक तुझ्या टॅब्लेटात."

बाकीच्या बायका चादरीत तोंड खुपसून हसायच्या. कुठल्या चादरीत खुपसतोय ते लक्षात आल्यावर ताबडतोब बाहेर काढायच्या.

पण नऊचे बारा होईनात. एक-एक शिवण तपासायची तर बारा होतच नाहीत. रोज संध्याकाळी सुगंधी साहेब सुनेला वर बोलवायचे. ओरडायचे नाहीत. तिला विचारायचे, "लीडर म्हणून तुला काय वाटतं?" ह्या प्रश्नाला उत्तर नसतं, नुसता घाम असतो. सून घरी येऊन जेवेनाशी झाली. मावशीनं ते बघितलं. तिनं कोणाला काही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात लॉन्ड्रीत दहा गाठोडी होऊ लागली. मग अकरा. ज्या दिवशी बारा झाली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना पेढे—चुकलो, साहेबांनी सगळ्यांना टाळ्या दिल्या. पेढ्यांची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. मी मात्र त्या दिवशी खाली उतरलो तेव्हा मला दिसलं की मावशी चादर दोनदा झटकत नाहीये. एकदाच झटकते आणि 'चला' म्हणायच्या आधी स्वतःचा हात फिरवून बघते. चिमटा बाजूला पडला होता. बाकीच्यांनी हात मागे ठेवायचा नियम तिनं मोडला नाही. मोडला तो फक्त स्वतःचा.

"मावशी, चिमटा?"

"चिमट्यानं बारा होत नाहीत. जा वर, तुझे साबण मोज."

पुढच्या मंगळवारी अकरावं गाठोडं ऑपरेशन थिएटरातून आलेलं होतं. मावशीनं हात फिरवला, थांबली, हात वर काढला. हातमोज्याच्या तर्जनीतून एक सुई उभी होती. ती ओरडली नाही. केबिनकडे पाठ फिरवून तिनं सुई काढली, डब्यात टाकली आणि नळाखाली हात धरला. पण काचेतून आतल्याला सगळं दिसतं. केबिन बांधलीच होती त्यासाठी. सून धावत बाहेर आली.

"आई! चिमटा कुठेय? चिमटा का नव्हता?"

"अगं, काही नाही. बारा करून टाकू, एकच राहिलंय."

सुनेनं त्या बारा नंबरच्या गाठोड्याला अशी लाथ घातली की ते घसरगुंडीला जाऊन आदळलं. मग सासूचा हात धरून ती नळापाशी उभी राहिली, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी मावशी म्हणाली, "पुरे आता. पाणी फुकट घालवतेस."

घटनेचा अर्ज भरायला मी होतोच. त्यात एक रकाना होता, 'या घटनेतून लीडर काय शिकले?' मला तो वाचून जी मळमळ झाली ती पहिल्या दिवशीच्या वासानंही झाली नव्हती. वासाला निदान लाज होती, तो तळघरात राहत होता. सुनेनं त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. सुगंधी साहेबांनी तिथे स्वतः लिहिलं, 'संवाद वाढवणे'.

नियमाप्रमाणे टोचलेल्या कामगारानं सहा महिने, रक्ताचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत, मळक्या कापडाला हात लावायचा नाही. मावशीला बसवायला तळघरात एकच स्वच्छ जागा होती. केबिन. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं बिल्ला काढून टॅब्लेटवर ठेवला, हातमोजे चढवले, चिमटा उचलला आणि टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मावशी काचेमागे फिरत्या खुर्चीवर, आणि पुढे ते दहा बोटांचे भरभर चालणारे हात. जे होऊ नये म्हणून बाईनं सारी खटपट केली होती ते बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, पंख्याखाली बसून बघायची सोय हॉस्पिटलनं करून दिली होती.

पहिलं गाठोडं आलं. मावशी उठून काचेवर मुठी आपटू लागली. "हळू! शिवण बघ! दुसरी बाजू!" आतून आवाज येत नव्हता, नुसतं तोंड हलत होतं. सुनेनं चादर दोन टोकांना धरली. एकदा झटकली. थांबली. दुसऱ्यांदा झटकली. शिवणीवरून चिमटा सावकाश, अगदी मावशीसारखा, शेवटपर्यंत फिरवला. मग टेबलावर दोनदा आपटला.

"चला."

त्या दिवशी ताशी सहा झाली. मावशीनं टॅब्लेटवर काय टाकलं ते मला माहीत नाही, कारण तिला तो लावता येत नव्हता.

सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट आला. काही निघालं नाही. तोवर लॉन्ड्री बाहेरच्या कंत्राटदाराला दिली होती, दोघींना एकाच दिवशी कामावरून कमी केल्याची पत्रं मिळाली होती, आणि सुगंधी साहेब दुसऱ्या हॉस्पिटलात चीफ म्हणून गेले होते. गाठोडी आता ट्रकमधून कुठेतरी जातात. तिथे ती कोण उघडतं ते आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. केबिनमध्ये मी साबणाचे खोके ठेवतो.